कुंपणाचा तट्टा आणि शेजारधर्म

गिरगांवांतील जुनीं नांवें नुसतीं ओळीनें उच्चारलीं, तरी एखाद्या बागेंतून फेरफटका केल्यासारखें वाटतें. आंबेवाडी, फणसवाडी, केळेवाडी! आज या नांवांच्या मागें चाळी, जिने, दुकानें आणि मोटारींची गर्दी उभी असते; आंबा, फणस आणि केळ यांचा तेथें मागमूसही उरलेला नाहीं. परंतु 'वाडी' हा शब्द मुळांत बागायतीचा आहे. कोंकणांत नारळी-पोफळीच्या बागेस अद्यापि वाडी असेंच म्हणतात, आणि वाडी म्हटली कीं तिच्याभोंवतीं वई, गडगा किंवा कुंपण हें आलेंच. मुंबईकरांच्या पत्त्यांतून बाग गेली, कुंपण गेलें; नांव तेवढें मागें राहिलें.

तरी पण हें कुंपण अगदींच नाहींसें झालें आहे असें मात्र नाहीं. गिरगांवांतल्याच खोताच्या वाडींत लांकडी सज्जांचीं आणि ओसऱ्यांचीं जुनीं घरें अजून कांहीं उभीं आहेत, आणि त्यांच्या पुढ्यांत हातभर अंगण व चार कुंड्या दिसतात. दादरच्या पारशी कॉलनींत, हिंदु कॉलनींत आणि शिवाजी पार्काच्या आसपास तळमजल्यावर राहणाऱ्या कुटुंबांपैकीं कित्येकांस घरालगत जमिनीची एक चिंचोळी पट्टी लाभलेली असते. त्या पट्टींत तुळस असते, मोगरा असतो, जास्वंद असते, आणि तिच्या कडेला लांकडी खांबांचें, आडव्या पट्ट्यांचें साधें कुंपण असतें. ज्यांस ही चैन लाभली नाहीं, त्या परळ-लालबागच्या चाळकऱ्यांस गॅलरीचा लांकडी कठडा हेंच कुंपण. गिरण्यांच्या भरभराटीच्या काळीं रात्रपाळी करून आलेला कामगार दिवसा याच गॅलरींत पथारी पसरी. त्याच्या डोळ्यांवरचें ऊन आणि अंगावरची पावसाची झड अडविण्यास कठड्याला बांधलेला बांबूचा तट्टा किंवा गोणपाट एवढेंच साधन असे.

अशा या लांकडी कुंपणास किंवा कठड्यास बांबूचा तट्टा कसा बसवावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय लहान दिसतो. परंतु ज्या शहरांत दोन घरांमधील अंतर हातांवर मोजावें लागतें, तेथें मध्यें उभा राहणारा आडोसा ही लहान गोष्ट नव्हे. तो नीट बसला तर घराला शांतता देतो. वाईट बसला तर वाऱ्यानें उडून कोणाच्या तरी डोक्यांत पडतो. आणि न विचारतां बसविला तर वर्षानुवर्षांचें बोलणें बंद करतो.

म्हणून पहिला प्रश्न खिळ्याचा किंवा तारेचा नसून असा आहे, कीं आडोसा हवा तो कोणापासून आणि किती?

याचें उत्तर देण्यापूर्वीं दादरच्या वसाहतीचा थोडा इतिहास ध्यानांत घेणें इष्ट आहे. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरला. दाट वस्ती, अंधाऱ्या खोल्या आणि कोंदलेली हवा यांतून माणसें पटापट मेलीं, आणि शहराची रचनाच बदलली पाहिजे हें सरकारास उमगलें. १८९८ सालीं शहर-सुधारणेसाठीं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही संस्था निघाली, आणि तिनें पुढें दादर-माटुंग्याच्या भागांत नवी वस्ती आंखली. रुंद रस्ते, दुतर्फा झाडें, आणि इमारती-इमारतींमध्यें मोकळी जागा, हें त्या आंखणीचें सूत्र होतें. ती मोकळी जागा शोभेसाठीं सोडलेली नव्हती. वारा खेळावा, उजेड पोंचावा, यासाठीं सोडलेली होती. आज त्याच जागेंत कोणी सहा-सात फूट उंचीचा बिनछिद्र पडदा उभा करील, तर प्लेगनें शिकविलेला धडा त्यानें पुसून टाकला असेंच म्हणावें लागेल. आडोसा असावा, भिंत नसावी.

उंचीचा निर्णय यावरूनच करावा. खुर्चीवर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून सुमारें चार फुटांवर असतात. उभ्या माणसाचे पांच फुटांवर. तेव्हां साडेचार फूट उंचीचा तट्टा घरांतल्या बसलेल्या मंडळींस पुरता आडोसा देतो. सकाळीं वर्तमानपत्र वाचणाऱ्या आजोबांस किंवा तांदूळ निवडीत बसलेल्या सूनबाईंस रस्त्यावरची नजर लागत नाहीं. उलट दोन्हीं बाजूंचीं माणसें उभीं राहिलीं कीं त्यांस एकमेकांचे चेहरे दिसतात आणि चार शब्द बोलतां येतात. बसलेल्यास एकांत आणि उभ्यास संवाद, अशी ही विभागणी आहे. ज्यांस स्नानगृहाची खिडकी किंवा कपडे वाळत घालण्याची जागा झांकावयाची असेल, त्यांनीं तेवढ्याच भागापुरता उंच तट्टा लावावा. सगळें कुंपण उंच करण्याचें कारण नाहीं.

दुसरी गोष्ट विचारण्याची. कुंपण कोणाचें, हें आधीं पाहावें. दोन घरांच्या सामाईक कुंपणास एकानेंच परस्पर कांहीं ठोकणें हें न्यायाचेंही नव्हे आणि शहाणपणाचेंही नव्हे. इमारत सहकारी गृहनिर्माण संस्थेची असेल, तर इमारतीभोंवतालची मोकळी जागा बहुधा संस्थेच्या मालकीची असते; तेथें संस्थेची लेखी परवानगी घेतलेली बरी. भाड्याच्या घरांत घरमालकास कळविलें पाहिजे. परंतु कागदाहूनही मोलाचें असतें तें तोंडी विचारणें. "काकू, पुढच्या आठवड्यांत इकडच्या बाजूला तट्टा बांधायचा विचार आहे, तुमच्या तुळशीवर सावली तर पडणार नाहीं ना?" एवढ्या एका वाक्यानें पुढचे दहा तंटे टळतात. काकूंनीं सांगितलें, कीं सकाळचें ऊन त्याच बाजूनें येतें, तर तट्टा हातभर अलीकडे संपविणें कांहीं अवघड नसतें. आपल्या घरांत जो भाग झांकला जातो तो शेजाऱ्याच्या घरांत अंधारतो, हें विसरून चालत नाहीं.

आतां बांबूकडे वळूं. बांबू हें झाड नसून गवत आहे, हें वनस्पतिशास्त्र सांगतें. गहूं, ज्वारी, ऊंस यांच्याच कुळांतला हा थोरला भाऊ. भारतांत त्याच्या सव्वाशेंहून अधिक जाति आढळतात. महाराष्ट्रांत कांटेरी आणि जाड असा कळक आहे. विदर्भाच्या जंगलांत विपुल मिळणारा, बारीक पोकळीचा, कित्येकदां भरीवच असा मानवेल आहे. आणि सिंधुदुर्ग-कोल्हापूरकडे सरळ वाढणारा, बिनकांट्याचा माणगा आहे. कुंपणाच्या आडव्या-उभ्या दांड्यांसाठीं माणगा किंवा मानवेल उत्तम, कारण भरीव असल्यानें तो स्क्रूला पकड देतो व लवकर चिरत नाहीं. विणलेल्या तट्ट्यासाठीं मात्र लांब पेरांचा, पोकळ आणि सहज फाकणारा बांबू लागतो; त्याच्याच कामट्या व बेळें निघतात.

गवताला सरकारनें कागदोपत्रीं झाड ठरविल्याची कथा मनोरंजक आहे, आणि दुःखदही आहे. १९२७ च्या भारतीय वन कायद्यानें वृक्षाच्या व्याख्येंत बांबूचा समावेश केला. त्यामुळें स्वतःच्या शेतांतला बांबू तोडून बाजारांत नेणाऱ्यासही ठिकठिकाणीं परवान्यांच्या कटकटी सोसाव्या लागत. कच्चा माल महाग झाला, त्याचा पुरवठा अनिश्चित झाला, आणि बांबूवर पोट असणारा बुरूड नाडला गेला. २०११ सालीं गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा-लेखा या गांवास, वनहक्काच्या कायद्याखालीं, आपल्या जंगलांतील बांबू स्वतः विकण्याचा अधिकार मिळाला, तेव्हां ती देशभर बातमी झाली. पुढें २०१७ सालीं वन कायद्याच्या व्याख्येंतून 'बांबू' हा शब्द वगळण्यांत आला, आणि जंगलाबाहेर लावलेला बांबू त्या बंधनांतून मोकळा झाला. गवतास पुनः गवत म्हणावयास नव्वद वर्षें लागलीं.

तट्टा घ्यावयाचा तो शक्य तर बुरुडाकडूनच घ्यावा. बुरूड ही महाराष्ट्राच्या गांवगाड्यांतील जुनी कारागीर जाति. बसवेश्वरांच्या परिवारांतील केतय्या हे बांबूचें काम करणारे शरण त्यांचे पूज्य पुरुष. जन्मलेलें मूल ज्या सुपांत निजवितात तें सूप, लग्नांतल्या दुरड्या आणि परड्या, आणि शेवटच्या प्रवासाचा बांबू, या सर्वांचा संबंध एकाच कारागिराच्या कोयत्याशीं येतो. प्लास्टिकच्या सुपांनीं आणि टोपल्यांनीं त्याचा बाजार हिरावून घेतला. हल्लीं बाजारांत हिरव्या प्लास्टिकचे, बांबूचा नुसता आभास करणारे पडदेही मिळतात. ते उन्हानें ठिसूळ होतात, त्यांचे तुकडे गटारांत जातात, आणि पावसाळ्यांत तुंबलेल्या गटारांचा अर्थ मुंबईकरांस समजावून सांगावयास नको. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशीं प्लास्टिकच्या कचऱ्यानें शहराचे नाले कसे अडले होते, याची चर्चा पुढें पुष्कळ झाली. जुना झालेला बांबूचा तट्टा मात्र मातींत मिसळून जातो.

माल पारखून घ्यावा. एक वर्षाचा कोंवळा बांबू हिरवागार आणि वजनदार दिसतो, पण त्यांत पाणी व पिष्ट अधिक असतें. तो वाळतांना आकसतो व त्याला घुण लागतो. तीन वर्षांचा किंवा त्याहून जून बांबू घ्यावा. बोटाच्या पेरानें वाजविला असतां जो टणक आवाज देतो तो जून. तोड पावसाळा संपल्यानंतरची असावी. पावसाळ्यांत बेटाला कोंब फुटत असतात, आणि त्या वेळची तोड बेटासही अपायकारक असते. घुणाचा भुंगेरा बांबूचें लांकूड खात नाहीं, त्यांतलें पिष्ट खातो. म्हणूनच जुने लोक बांबू ओढ्यांत किंवा तळ्यांत कांहीं आठवडे बुडवून ठेवीत. पाण्यांत पिष्ट व साखर झिरपून जाते आणि किड्यास खावयास कांहीं उरत नाहीं. शहरांत ओढा कोठून आणावा? तेव्हां टाकणखार आणि बोरिक ॲसिड यांच्या द्रावणांत भिजवून सुकविलेला माल मागावा. मात्र हीं द्रव्यें पावसाच्या पाण्यानें हळूहळू धुवून जातात; म्हणून भिजवून वाळविलेल्या तट्ट्यास वरून जवसाच्या तेलाचे किंवा बाहेरच्या कामाच्या वॉर्निशाचे दोन हात द्यावे. कांहीं न करतां जमिनीस टेकवून ठेवलेला बांबू एक ते तीन वर्षांत कुजतो. जमिनीपासून उचललेला आणि पावसापासून राखलेला त्याच्या दुप्पट-तिप्पट टिकतो.

तट्टा घरीं आला म्हणजे लगेच बांधावयास धांवूं नये. दोन आठवडे सावलींत, विटांवर आडवा ठेवून त्यास वाळूं द्यावें. ओला तट्टा बांधला तर तो पुढें आकसतो, बांधण्या सैल होतात, आणि पहिल्याच वाऱ्यांत खडखडाट सुरू होतो. तोंपर्यंत कुंपणाची तपासणी करावी.

लांकडी खांब सर्वांत आधीं कोठें कुजतो? वर नव्हे, आणि अगदीं खोल मातींतही नव्हे, जमिनीच्या पातळीवर. खोल मातींत हवा नसते आणि वर ओल टिकत नाहीं. पातळीवर मात्र ओल आणि हवा दोन्ही मिळतात, व बुरशीस तेंच हवें असतें. म्हणून प्रत्येक खांबाच्या बुडाशीं माती थोडी उकरून एखादी आरी किंवा टोंकदार खिळा टोंचून पाहावा. तो अर्धा इंचभर सहज आंत शिरला, तर तो खांब तट्ट्याचें ओझें पेलणार नाहीं. वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसतात काय, हेंही पाहावें. कुजका खांब बदलावा, किंवा त्यास जोडून नवा खांब पुरावा. खांबाच्या लांबीचा सुमारें तिसरा हिस्सा जमिनींत असावा, आणि बुडाशीं पाणी सांचूं नये म्हणून खड्ड्याच्या तळाशीं खडी घालावी.

येथें कोणी म्हणेल, कीं तट्ट्याचें वजन तें केवढें. त्यासाठीं एवढा खटाटोप कशाला? परंतु प्रश्न वजनाचा नसून वाऱ्याचा आहे. उघड्या पट्ट्यांच्या कुंपणांतून वारा निघून जातो. त्यालाच तट्टा लावला कीं तें शीड बनतें. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढतो; वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. सहा फूट उंच आणि आठ फूट लांब अशा भरीव तट्ट्यावर ताशीं ५० किलोमीटरच्या वाऱ्याचा स्थूलमानानें ५५ किलोंचा रेटा पडतो. वारा १०० किलोमीटरचा झाला कीं तोच रेटा सुमारें २२० किलोंवर जातो. म्हणजे तीन-चार धट्टीं माणसें एकदम कुंपणावर रेलल्यासारखें होतें. हें केवळ कागदावरचें गणित नाहीं. १७ मे २०२१ रोजीं तौक्ते वादळ मुंबईजवळून गेलें, तेव्हां कुलाब्यास वाऱ्याचा झोत ताशीं ११४ किलोमीटरपर्यंत पोंचला होता.

उंची कमी ठेवण्याचें दुसरें कारण येथें सांपडतें. सहा फुटांऐवजीं साडेचार फुटांचा तट्टा लावला तर क्षेत्रफळ पाऊणपट होतें; शिवाय रेट्याचा मध्यही खालीं येतो, आणि खांब उपटून काढणारा जोर जवळजवळ निम्म्यावर उतरतो. त्यांतच कामट्यांमध्यें बोटभर फटी ठेवल्या तर वारा गाळून निघतो, आणि आडोसाही फारसा कमी होत नाहीं. कारण हलत्या नजरेस फटींतून फारच थोडें दिसतें. समुद्राच्या बाजूनें, म्हणजे पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून, पावसाळी वारा येतो. त्या बाजूच्या कुंपणास आंतून तिरप्या टेकणी अवश्य द्याव्या.

आतां प्रत्यक्ष जोडणी. तट्टा कुंपणाच्या आंतल्या बाजूस लावावा कीं बाहेरच्या? वाऱ्याचा जोर ज्या बाजूनें येतो त्या बाजूस लावणें चांगलें. म्हणजे वारा तट्ट्यास आडव्या पट्ट्यांवर दाबतो, त्यांच्यापासून ओढून काढीत नाहीं. कामट्यांचा तट्टा असेल तर बांबूची गुळगुळीत साल पावसाकडे असावी आणि मऊ गाभा आंत. साल पाणी झटकते, गाभा तें पितो. तट्ट्याची खालची कड जमिनीपासून दोन इंच तरी वर राहावी. ती मातीला टेकली कीं वात जशी तेल ओढते तशी ती ओल वर ओढते. काम करतांना खालीं दोन इंच जाडीची फळी ठेवून तिच्यावर तट्टा टेकवावा आणि शेवटीं फळी काढून घ्यावी, म्हणजे अंतर सारखें राहतें.

बांबूंत सरळ खिळा कधींही ठोकूं नये. त्याचे तंतू सगळे उभे असतात. खिळा त्यांस फाकवितो आणि चीर टोंकापर्यंत जाते. आधीं बारीक गिरमिटानें भोंक पाडावें, तें स्क्रूपेक्षां किंचित् सैल असावें, आणि पेराच्या गांठीच्या जवळ असावें. गांठीपाशीं बांबू सर्वांत मजबूत असतो. स्क्रू न गंजणाऱ्या पोलादाचा किंवा पितळेचा घ्यावा. गिरगांव-दादरच्या खाऱ्या हवेंत साधा लोखंडी खिळा लवकरच गंजतो, आणि त्याचा काळा ओघळ तट्ट्यावर उतरतो. स्क्रूच्या डोक्याखालीं रुंद चकती घालावी आणि स्क्रू अगदीं घट्ट आवळूं नये. बांबूला पावसाळ्यांत फुगावयास व उन्हाळ्यांत आकसावयास जागा लागते.

याहून चांगली रीति दुहेरी पट्टीची. कुंपणाच्या आडव्या पट्टीवर तट्टा ठेवावा, वरून त्याच उंचीवर अर्ध्या बांबूची किंवा सागवानी लांकडाची दुसरी पट्टी ठेवावी, आणि स्क्रू या दोन पट्ट्यांमधून आरपार न्यावे. तट्टा मध्यें दाबला जातो. दाब एका भोंकावर न पडतां सगळ्या लांबीवर पसरतो, आणि विणकामाचीं बेळें तुटत नाहींत. वर एक, मध्यें एक आणि खालीं एक, अशा तीन ठिकाणीं पट्ट्या आल्या म्हणजे साडेचार फुटांच्या तट्ट्यास पुरे.

ज्यांस कुंपणाच्या लांकडास भोंकें पाडावयाचीं नाहींत, किंवा भाड्याच्या घरांत तशी मुभा नाहीं, त्यांनीं बांधणीचा मार्ग घ्यावा. या कामाची पाठशाळा पाहावयाची असेल तर भाद्रपदाच्या आधीं लालबाग-परळांत फिरावें. १८९३ सालीं गिरगांवच्या केशवजी नाईक चाळींत मुंबईचा सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, १९३४ पासून लालबागचा राजा बसूं लागला. आणि या उत्सवांचे मांडव वर्षानुवर्षें बांबू आणि दोर यांवर उभे राहत आले. मांडववाला खांबाभोंवतीं दोर नुसता गुंडाळीत नाहीं. तो दोन बांबूंवर तिरपे वेढे घेतो, मग त्याच वेढ्यांना दोन बांबूंच्या मधून आडवे वेढे घेऊन आवळतो, आणि तेव्हां कोठें गांठ मारतो. ते मधले आडवे वेढे हेंच बांधणीचें मर्म. तट्ट्यासही तसेंच बांधावें. दर दीड फुटाला एक बांधणी, आणि टोंकांस व कोपऱ्यांत दोन-दोन. काथ्याचा दोर शोभतो, पण तो दोन पावसाळ्यांपलीकडे भरंवशाचा नसतो. म्हणून आंतून जस्ताचा मुलामा दिलेली मऊ तार आणि वरून काथ्या, असा दुहेरी बंदोबस्त करावा. तारेचीं टोंकें पकडीनें पिळून तट्ट्याच्या आंत वळवावीं. बाहेर राहिलेलें एक टोंक लहान मुलाच्या डोळ्यास पुरेसें असतें.

दोन तट्टे जेथें मिळतात तेथें खांब आला पाहिजे. सांधा दोन खांबांच्या मध्यें लोंबकळत ठेवला तर वारा प्रथम तेथेंच बोट घालतो.

अखंड बांबूंचा तट्टा असेल तर एक गोष्ट विशेष जपावी. उभ्या बांबूचें वरचें टोंक गांठीच्या अगदीं वर कापलेलें असावें. गांठीपासून चार बोटें वर कापलें तर तेथें पेला तयार होतो, त्यांत पावसाचें पाणी सांचतें, आणि डेंग्यूचा प्रसार करणाऱ्या एडिस जातीच्या डासास तेवढें स्वच्छ, साचलेलें पाणी पुरतें. अंड्यापासून पुरता डास होण्यास आठ-दहा दिवसांहून अधिक काळ लागत नाहीं. वीस बांबूंचा तट्टा म्हणजे वीस पेले. घराच्या शोभेसाठीं आणलेली वस्तु घराला ताप आणील, असें होऊं देऊं नये. कापणी वर झालीच असेल तर तो पेला सिमेंटच्या गिलाव्यानें भरून टाकावा. किंवा सगळ्या टोंकांवर उतरती लांकडी पट्टी टोपणासारखी बसवावी, म्हणजे पाणीही आंत शिरत नाहीं.

दुसरी काळजी आगीची. वाळलेला आणि तेल पाजलेला बांबू भरभर पेटतो, हें दिवाळींत विशेष आठवावें. स्वयंपाकघराच्या खिडकीला, गॅसच्या नळीला, विजेच्या तारांना किंवा शीतयंत्राच्या बाहेरच्या पेटीला तट्टा टेकूं देऊं नये. येण्याजाण्याची आणि संकटकाळीं बाहेर पडण्याची वाट तट्ट्यानें अडवूं नये; चाळींतील गॅलरीच्या बाबतींत तर हा नियम मुळींच मोडतां कामा नये.

तिसरी काळजी वेलींची. तट्टा दिसला कीं त्यावर मधुमालती चढवावी असा मोह होतो. परंतु मधुमालतीचा पसारा मोठा. ती तट्टा ओला ठेवते, आणि तिच्या पानोऱ्यांत अडकलेला वारा कुंपणाचा भार वाढवितो. गोकर्णासारखी हलकी वेल चढवावी, किंवा जड वेलीसाठीं तट्ट्यापासून वीतभर अंतरावर तारेची निराळी जाळी उभी करावी.

एकदां बसविला म्हणजे काम संपलें, असें नाहीं. वर्षांतून दोन वेळां, मृगापूर्वीं आणि दसऱ्याच्या सुमारास, तट्ट्याभोंवतीं फेरी मारावी. सैल झालेल्या बांधण्या आवळाव्या, तुटलेली कामटी बदलावी, बुडाशीं सांचलेला पालापाचोळा काढावा, आणि जमिनीवर पिवळसर पूड पडली आहे काय तें पाहावें. ती पूड म्हणजे घुणाची साक्ष. पावसाळ्यानंतर कोरड्या फडक्यानें बुरशी पुसून तेलाचा एक हात द्यावा. दुरुस्तीसाठीं त्याच बुरुडास बोलवावें. तट्टा एकदां विकून तो कारागीर आठ-दहा दिवसांची भाकरी मिळवितो. वर्षानुवर्षें दुरुस्तीस बोलाविला तर त्याचा मुलगा तो कोयता हातीं धरण्याचा विचार करील. शहरांतल्या शंभर घरांनीं असा नेम धरला, तर एक जुनी विद्या शहरांतच तग धरील. हें दान नव्हे, व्यवहार आहे. चांगल्या मालाला आणि कसबी हाताला दिलेला योग्य मोबदला आहे.

कुंपणच शेत खातें, अशी आपल्या भाषेंत म्हण आहे. शहरांत शेत उरलें नाहीं. येथें कुंपणानें खाण्याजोगें जें उरलें आहे तें म्हणजे वारा, उजेड आणि शेजार. वाऱ्यासाठीं फटी ठेवाव्या, उजेडासाठीं उंची आवरावी, आणि शेजारासाठीं आधीं विचारावें. मग घरांतल्या माणसानें तट्ट्याआड निवांत बसावें, आणि पलीकडून काकूंनीं हांक मारली कीं उभें राहून ओ द्यावी. संक्रांतीचा तिळगूळ आणि दिवाळीच्या फराळाचें ताट ज्याच्यावरून सहज पलीकडे देतां येतें, तेवढ्याच उंचीचा तट्टा मुंबईच्या कुंपणास शोभतो.